उलटी बॅटरी, सुलटी तपासणी



अध्यक्षानं व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. विजेवरच्या गाड्या आल्या, आता ऑटो इलेक्ट्रिशियनचं काय, यावर दुपारच्या सत्रात जाणकार बोलणारच आहेत. मी एकाच तक्रारीवर बोलणार आहे. बॅटरी उलटी लागली, ठिणगी उडाली, मग सुलटी केली, गाडी चालूही झाली. पण चार्जिंग होत नाही. आपण वीज समजून काम करतो की नुसते पार्ट बदलतो, हे या एका तक्रारीत उघडं पडतं. बहुतेक वेळा आपण पार्ट बदलतो, आणि तसं करण्याला एक कारण आहे. त्या कारणाकडे मी शेवटी येईन.

बॅटरी उलटी लागतेच कशी, असं नव्या मुलांना वाटतं. अंधेरी-बोरिवलीच्या टॉवरमधल्या पार्किंगमध्ये एकदा जाऊन बघा. एकावर एक चढवलेल्या गाड्या, बॉनेट अर्धंच उघडतं, उजेड मोबाइलचा, आणि जुन्या गाडीच्या दोन्ही केबल मळून एकाच रंगाच्या झालेल्या. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, तेव्हा घरोघरी जंप द्यायला लोक शिकले. त्यातल्या काहींनी उलटं शिकून घेतलं. पण जाणत्या माणसालाही फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या दोन बॅटऱ्यांचा आकार एकच, खोकं एकच; फक्त प्लस-मायनसच्या जागा एकमेकींच्या उलट. दुकानातून एलऐवजी आर आली की ती ट्रेमध्ये चपखल बसते, केबलही बरोबर पोचतात, आणि प्लसच्या जागी मायनस बसलेला असतो. तरी बॅटरी आपल्याला सावध करत असते. प्लसचा खांब जाड असतो, मायनसचा बारीक. मायनसचा चिमटा प्लसवर जाता जात नाही, मग तो हातोडीनं ठोकला जातो. प्लसचा चिमटा मायनसवर सैल पडतो, मग त्यात पत्र्याची पट्टी भरली जाते. ठोकलेला चिमटा आणि पट्टी दिसली की गिऱ्हाइकानं काहीही सांगो, काय घडलं ते समजावं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या फियाटवर ज्यांचा हात बसला, त्यांना उलट्या बॅटरीची एवढी धास्ती नव्हती. त्या गाडीत डायनमो होता. इंजिन बंद असताना कटआउटचे पॉइंट उघडे, म्हणजे डायनमो बॅटरीपासून तुटलेला. घोळ व्हायचा तो इंजिन सुरू केल्यावर, पॉइंट जळायचे किंवा चिकटायचे. बॅटरी सुलटी करून फील्डला क्षणभर वीज दाखवली की लोखंडात उरलेलं चुंबकत्व पुन्हा योग्य दिशेला यायचं. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत तर प्लसच बॉडीला असे, आणि कोणाचं काही बिघडत नसे. पुढे सिलिकॉन डायोड आले. क्रायस्लरनं १९६०च्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर दिला. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि अल्टरनेटर सोसायटी-सोसायटीत पोचला. फियाटच्याच घराण्यातली पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत शेवटची नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. गाडी गेली, पण डायनमोच्या काळातली एक खोड आपल्या हातात राहिली आहे. तिच्याबद्दल पुढे बोलतो.

आधी वीज कुठून जाते ते पाहू. अल्टरनेटरच्या डायोड प्लेटवर सहसा सहा मुख्य डायोड असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडी बॉडी आणि बी प्लस यांच्या मध्ये, एकापुढे एक. बी प्लसची वायर चावीतून जात नाही, ती फ्यूजमधून थेट बॅटरीला जाते. बॅटरी सुलटी असताना डायोड अल्टरनेटरची वीज बाहेर सोडतात, बॅटरीची आत घेत नाहीत. बॅटरी उलटी लागली की हीच वाट सताड उघडी पडते, चावी बंद असली तरी. दोन डायोडवर मिळून दीड-दोन व्होल्ट पडतात, बाकीच्या दहांना अडवायला कोणी नाही. भरलेली बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतते. मग आधी कोण जातं, मुख्य फ्यूज की डायोड? ८० ते १२० अँपिअरचा फ्यूज पहिल्या झटक्यात उडाला, तर अल्टरनेटर वाचण्याची चांगली शक्यता असते. बॅटरी अर्धमेली असेल तर कधीकधी उलटंच घडतं. फ्यूज लगेच उडण्याइतका करंट मिळत नाही आणि डायोड मात्र तापत राहतात. म्हणून “ठिणगी मोठी होती का?” हा प्रश्न गिऱ्हाइकाला जरूर विचारा. त्याचं उत्तर ऐकून मात्र लगेच निकाल देऊ नका.

मागच्या पावसाळ्यात बोरिवलीहून एक छोटी हॅचबॅक आली. एल-आरचाच घोळ झालेला. बॅटरी नंतर बदलून मिळाली होती, पण लाल दिवा विझत नव्हता आणि दोन दिवसांत सेल्फ मारणं बंद. एका ठिकाणी नवा अल्टरनेटर सांगितलेला. बॅटरी आधी गाडीबाहेर काढून मोजली. चार्जरवर भरून, थोडा वेळ ठेवून १२.६ व्होल्ट, म्हणजे ती ठीक. इथे एक सांगून ठेवतो. पूर्ण उतरलेली बॅटरी उलटी लावून चार्ज केली तर ती उलटीच भरते, मीटरवर आकड्याआधी वजा चिन्ह येतं. अशी बॅटरी गाडीत घालून कितीही शोधलंत तरी हाती काही लागणार नाही. बॅटरी लावून, इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरच्या बी प्लसवर मीटर धरला. तिथे बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत, आले शून्य. निम्मं निदान इथेच झालं. मुख्य फ्यूज वरून अखंड दिसत होता. फ्यूजची खिडकी बघून त्याला पास करू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा.

फ्यूज गेला म्हणून लगेच नवा घालायचा नसतो. तो ज्या कारणानं गेला ते कारण अजून आत बसलेलं असू शकतं. बॅटरीची मायनस काढली, बी प्लसची वायर सोडली, मीटर डायोडवर ठेवून बी प्लस आणि बॉडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी पाहिलं. एका बाजूनं दोन डायोडचे मिळून एक व्होल्टाच्या आसपास, दुसऱ्या बाजूनं काहीच नाही, म्हणजे शॉर्ट नाही. दोन्हीकडून शून्य आलं असतं तर डायोड प्लेट मेलेली समजायची. नवा फ्यूज घातला, इंजिन चालू केलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावले. चौदाच्या वर व्होल्ट स्थिर. मीटर एसीवर टाकून पाहिलं, अर्ध्या व्होल्टापेक्षा खूपच कमी, म्हणजे एखादा डायोड उघडा पडल्याचीही खूण नाही. ही शेवटची तपासणी टाळू नका. एक डायोड उघडा असला तरी बिनलोडवर मीटर साडेतेरा दाखवून तुम्हाला गप्प करू शकतो. शॉर्ट झालेला डायोड मात्र लपत नाही. गाडी उभी असताना अल्टरनेटर कोमट लागतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. बाकीचे लहान फ्यूज पाहिले, स्टीरिओचा उडालेला निघाला. अल्टरनेटर होता तोच राहिला.

आता ती जुनी खोड. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीचं टर्मिनल उपसायचं, गाडी बंद पडली नाही तर “चार्जिंग आहे” म्हणायचं. डायनमोच्या दिवसांत हे खपलं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, ईसीयू, डायोड यांच्या अंगावर जातं. चांगला अल्टरनेटर तपासताना मारायची ही हमखास रीत. गिऱ्हाइकासमोर ती चमत्कारासारखी दिसते, म्हणूनच टिकली असावी.

नव्या गाड्यांबद्दल थोडंच. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, आणि आता बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर किती भरायचं ते ईसीयू ठरवतो. मायनसच्या चिमट्यावर सेन्सर असतो. अशा गाडीत मीटरवर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवू नका. लोड टाका, स्कॅनर लावा, मग बोला. आणि वर्सोव्याच्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस, लोडवर, किती व्होल्ट पडतात ते पाहा. ०.२ च्या वर गेले तर अर्थची पट्टी गंजलेली आहे. उलट्या बॅटरीचा या गंजाशी संबंध नसतो, पण आळ उलट्या बॅटरीवर येतो.

आता ते कारण. त्या हॅचबॅकच्या मालकांनी बिल बघून विचारलं, “दादा, एक फ्यूज तर बदललात, त्याचे एवढे?” नवा अल्टरनेटर बसवला असता तर त्यांनी हजारो रुपये निमूट मोजले असते. पार्टची किंमत मागता येते, अकलेची मागता येत नाही, असा आपला समज. म्हणून अकलेचा खर्च आपण पार्टमध्ये मिसळतो. मग पार्ट विकावाच लागतो. फ्यूज शोधणाऱ्याचं नुकसान आणि अल्टरनेटर बदलणाऱ्याचा फायदा, ही व्यवस्था आपणच चालवतो. गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणीची वेगळी मजुरी असते हे आपण त्याला कधी सांगितलंच नाही.

म्हणून आज एक ठराव मांडतो. तपासणीची मजुरी बिलावर वेगळी लिहायची. सोबत कार्ड द्यायचं, त्यावर आकडे: बॅटरी गाडीबाहेर किती, बी प्लसवर किती, इंजिन चालू आणि लोडवर किती, एसी किती. हेच आकडे घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं तरी हरकत नाही. पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. कार्ड मराठीत असावं, कारण ते भरणारी मुलं मराठीतच काम शिकली आहेत. मजुरीचा दर किती, यावर अंधेरीकर आणि मुलुंडकर यांचं काल रात्री जमलं नाही. घाटकोपरच्या मंडळींनी मधला आकडा सुचवलाय, तो दोघांनाही पसंत नाही. ठरावाला सूचक मी आहे, अनुमोदक हवा. दराचं भांडण जेवणाआधी उरकून घेऊ.