एकट्याचे शिक्षण आणि गावाची जबाबदारी

(पाचोड येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)

2012-13 च्या दुष्काळात या भागातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ते पाहिलेल्या मुलांपैकी काहींनी आज आडतीवरची वा दुकानातली नोकरी सांभाळून रात्री संगणकाची आज्ञावली शिकायला घ्यावी, यात नवल नाही.

शिकण्याची साधने खरोखरच खुली आहेत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने 2003 मध्ये ‘एनपीटीईएल’ सुरू केले. 2017 मध्ये ‘स्वयम्’ आले. पाठ विनामूल्य आहेत, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही ऐकता येतात. पायथॉन भाषा वापरण्यास एक पैसाही लागत नाही.

परंतु जे विनामूल्य आहे ते सर्वांच्या हाती आले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. व्याख्यान मोबाइलवर ऐकता येते. आज्ञावली लिहिण्यास मात्र संगणक हवा, वीज हवी, निवांत दोन तास हवेत. दिवसभर शेतात राबून रात्री चुलीपुढे बसणाऱ्या मुलीला ते दोन तास कोण देणार? पायथॉनमध्ये ओळीचा समास चुकला तरी काम अडते. जवळ विचारायला कोणी नसेल, तर त्या एका चुकीपायी संध्याकाळ जाते आणि हळूहळू उमेदही जाते. मग आपण म्हणतो, पोरात जिद्दच नव्हती!

बाबासाहेब आंबेडकर स्वतः अपार कष्टाने शिकले. पण ‘माझ्यासारखे झगडा’ एवढाच उपदेश करून ते थांबले नाहीत. 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले. त्यातला बोध आपण घ्यायला हवा. गावच्या वाचनालयात चार-पाच संगणक, रात्रीपर्यंत उघडे दार, मुलींसाठी राखीव वेळ आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून चुका सोडवणे, एवढी मागणी ग्रामपंचायतीकडे करण्यात संकोच कसला?

नोकरीची हमी देऊन हजारो रुपये उकळणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. नवशिक्याला पूर्वी मिळणारे पुष्कळसे काम आज यंत्रच लिहून देते. म्हणून हातची नोकरी घाईने सोडू नका. पहिली आज्ञावली आपल्या मोसंबीच्या पट्टीची लिहा: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम. हिशोब जुळला तर एक विद्या आली; जुळला नाही, तर आडतीवर जाऊन विचारायचा प्रश्न तरी हाती आला.