सोलकढी : नावात काय काय मिसळलंय

पनवेल सोडलं की पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळे होतात. थेट कन्याकुमारीला जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासूनच सुरू होतो, आणि त्या वाटेवर मासळीच्या ताटात सोलकढीची वाटी हमखास असते.

सोल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. ‘सोलणे’च्या घरातलाच हा शब्द. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. फळ फोडून गर आणि बिया काढतात. साली मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवून उन्हात पसरतात. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा पसरायच्या. पाच-सहा उन्हं खाल्ली की त्या काळ्याभोर, मऊ होतात. ही सोलं; घाटावर यांनाच आमसुलं म्हणतात. मीठ घालून टिकवलेला रस तो आगळ. बियांचं तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात.

कोडं आहे ते ‘कढी’चं. कढी म्हणजे कढवलेली; पण सोलकढी चुलीवर चढतच नाही. आंबटासकट तापवलं की नारळाचं दूध फुटतं. मला वाटतं, भाताबरोबर ताकाच्या कढीची जागा हिनं घेतली आणि जागेबरोबर नावही घेतलं. नारळाच्या दुधाविना केली तर तिला मालवणी मुलखात तिवळ म्हणतात.

गोव्यात हे फळ म्हणजे भिरंड. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात भिरंडाचा उल्लेख ‘ब्रिंदांव’ असा केला आहे. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, पण ते या गार्सियांवरून पडलेलं नाही. लिनियसनं त्यातलं ‘गार्सिनिया’ हे नाव लॉरेन्ट गार्सिन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलं.

हल्ली काही ठिकाणी बीट घालून रंग आणतात, ते मला मनापासून खटकतं. सोल नाही, तर सोलकढी कसली? सोलांचा रंग नारळाच्या दुधात फिका गुलाबी उतरतो आणि घशाशी किंचित तुरटपणा राहतो. घरी करायची तर सोलं कोमट पाण्यात भिजवा, कुस्करा, गाळा, दाट दुधात मिसळा. लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि वर कोथिंबीर. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळेच्या भांड्यात ती कळकते.