सभेत बोलण्याची विद्या
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात अंबाजोगाई येथे केलेले भाषण)



पारितोषिके वाटून झाल्यावर उपदेश ऐकण्याची हौस कोणासही नसते, हे शिक्षकाच्या पेशात जन्म घालविलेला मनुष्य चांगले जाणतो. म्हणून मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. मघाशी गुणवंत मुलामुलींना दोन शब्द बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा नवांपैकी सहा जणांनी मान खाली घातली व उरलेल्या तिघांनी पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखविली. हा दोष मुलांचा नव्हे. आपण त्यांना उत्तरे लिहावयास शिकविले. उभे राहून बोलावयास शिकविले नाही.

ज्या गावात आपण जमलो आहोत, त्या गावात तरी असे व्हावयास नको होते. निजामाच्या अमदानीत या गावास मोमिनाबाद म्हणत. १९२९ साली हैदराबाद सरकारने त्रेपन्न क्रमांकाची गस्ती काढली, आणि सार्वजनिक सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी घेणे भाग पडू लागले. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी घरातील मुलाने आपल्या भाषेत चार माणसांपुढे आपले म्हणणे मांडावे, असे प्रसंगच मुळी थोडे. अशा काळात, १९३५ साली, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ येथे आले व योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. अंगावर संन्याशाची वस्त्रे, परंतु पूर्वी कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केलेले. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली, तेव्हा स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी राजवट संपेपर्यंत या जिल्ह्यातील सभेत उभ्या राहणाऱ्या मनुष्यास आपल्या शब्दाची किंमत मोजण्याची तयारी ठेवावी लागे. त्या पिढीला वक्तृत्वाचे वर्ग कोणी दिले नाहीत; सांगावयाचे होते ते मात्र पोटातून आलेले होते.

‘आमची भाषा गावंढळ आहे, लोक हसतील,’ असे विद्यार्थी मला सांगतात. त्यांना मी १९६७ सालची लोकसभेची निवडणूक सांगतो. त्या वर्षी बीड मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिले. हा मनुष्य येडेमच्छिंद्रचा, एकेकाळचा तलाठी. बोलणे शेतकऱ्याचे, उदाहरणे भाकरीची, कर्जाची व लग्नातील उधळपट्टीची. हजारोंचा समुदाय ते ऐकत बसे. हसत नसे असे नाही. नाना हसवीत असत म्हणूनच हसे.

माझी स्वतःची गोष्ट याच्या उलट आहे. नववीत असताना वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेले लोकमान्यांवरील भाषण मी घोकले होते. ‘सिंहगर्जना’ या शब्दाशी हात उंचावला आणि पुढचे वाक्यच नाहीसे झाले. हात तसाच वर राहिला. शेवटी पहिल्या रांगेतील एका आजोबांनी, ‘बाळ, आता खाली घे,’ असे म्हटल्यावर तो खाली आला! शब्द माझे नव्हते, म्हणून ते मला सोडून गेले, एवढे त्या दिवशी समजले.

मग शिकावे कोठे? आपल्या गावच्या कीर्तनात शिकावे. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो व दोन तास त्यासच धरून राहतो; दृष्टांतासाठी दूर गेला तरी चरणाशी परत येतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी सिद्धांत व उत्तररंगी आख्यान, अशी मांडणीच ठरलेली. बुवांच्या हाती कागद नसतो, कारण त्यांनी वाक्ये नव्हे तर वाट पाठ केलेली असते. तसेच करा. चिठोऱ्यावर चार शब्द लिहा. पहिले व अखेरचे वाक्य तेवढे पक्के असू द्या. ध्वनिक्षेपक असो वा नसो, शेवटच्या रांगेतील मनुष्याकडे पाहून बोला. आकडा सांगाल तर तो आधी पडताळून पाहा. एक आकडा खोटा ठरला की पुढचे खरेही कोणी मानीत नाही. आणि दुसरा बोलत असताना ऐका. (हे मी मुलांपेक्षा व्यासपीठावरील मंडळींना उद्देशून म्हणत आहे, त्यांनी राग मानू नये.)

हे सारे केवळ ढाल-करंडकासाठी नाही. ज्या पालकांना दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागावे लागते, त्यांच्या उचलीचा हिशेब मुकादमापुढे कोण विचारणार? कायद्याप्रमाणे गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात. परवानगी काढावयाची नाही, तुरुंगात जावयाचे नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही मतदार तेथे उठून प्रश्न विचारू शकतो. तरीही आमचा पदवीधर मुलगा मागच्या भिंतीला टेकून उभा असतो व घरी आल्यावर आईजवळ तक्रार करतो. मुलींचे तर नावच नको; महिलांची सभा आधी घ्यावी असा नियम असूनही कित्येक ठिकाणी तिला आणण्यास घरचेच तयार नसतात.

कार्यवाहांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या याच सभागृहात मुलामुलींनी जमावे. प्रत्येकास पाच मिनिटे; हाती कागद चालणार नाही, आणि पालकांनी दाराबाहेर बसावे. पहिल्या रविवारचा विषय आहे : ‘आमच्या गल्लीचे पाणी’.