ज्यांना नाव दिले नाही



गॉथिक कादंबरी एकट्याने, रात्री वाचावयाची, असा समज आहे. परंतु ‘फ्रँकेन्स्टाइन’चा उगमच सहवाचनात आहे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी बायरन, शेली आणि अठरा वर्षांची मेरी भूतकथा मोठ्याने वाचीत. त्यातूनच मेरीची ही कादंबरी सुचली. ती १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

आमच्या वाचकमंडळाने ती डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रिबेका’बरोबर (१९३८) वाचली. मी दोन्हींत भयप्रसंग शोधीत होतो. एक भगिनी म्हणाल्या, “एकीत त्या निर्मित जीवाला नाव नाही, दुसरीत निवेदिकेला नाही.” आम्ही स्तब्ध झालो. निर्माता आपल्याच निर्मितीला पाहून पळतो. तिला नावही देत नाही. अनर्थाचा आरंभ तेथे आहे. मॅन्डर्लीच्या वाड्यात तर मृत पत्नीचे नाव सर्वत्र आहे, जिवंत पत्नीचे कोठेच नाही.

मी आयुष्यभर अध्यापन केले. शेवटच्या बाकावरील एका मुलाला मी वर्षभर ‘ए, मागचा’ एवढीच हाक मारली. त्या रात्री त्याचे नाव पुष्कळ आठवून पाहिले, आठवले नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी प्रत्येकाला नावाने हाक मारीत. माझी ती उणीव मला एकट्याने वाचून उमगली नसती.