विजेच्या वाद्यातील मींड



कामगार चळवळीचा माणूस उभा राहिला म्हणजे आता बोनसचे ऐकावे लागणार, अशी आपली समजूत झाली असेल. आज आम्ही मिंडेविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे रेडिओदुरुस्तीच्या बाकावर झाले.

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी जे वाद्य बांधले, त्यात विजेचा दाब स्वर ठरवतो. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. सप्तकाचे स्वर बारा. एकेकाच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. (१९६९ साली हे वाद्य अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्येही आले होते.)

पट्टी बदलली की दाब उडी घेतो. मग मींड कशी काढावयाची? दोन माठ बारीक नळीने जोडा. पहिल्याची पातळी एकदम चढली, तरी दुसऱ्याची सावकाश चढते. नळी म्हणजे रेझिस्टन्स, दुसरा माठ म्हणजे कंडेन्सर. एक मेगओहम आणि एक मायक्रोफॅरड घेतले, तर पहिल्या सेकंदात शेकडा ६३ वाट सरते. षड्जावरून तार षड्जाकडे निघालो, तर पहिल्या सेकंदाअखेर पंचमाच्या किंचित पुढे, दुसऱ्याअखेर कोमल निषाद ओलांडलेला, तिसऱ्याअखेर शुद्ध निषादाच्याही वर. आरंभी धाव, शेवटी रेंगाळणे. एकसारख्या प्रवाहाने कंडेन्सर भरून सरळ चढणारी मींडही काढतात. आमच्या कानाला पहिलीच गळ्याच्या जवळची वाटते.

कंडेन्सरवरचा दाब पुढे पोचविण्यास एक चिप लागते. तिने पातळी पाहावी, पाणी पिऊ नये. येथेच आमची फजिती झाली.

खणात होती म्हणून ७४१ नंबरची चिप आम्ही दिली. जोडकाम आमच्या एका सोबत्याने केले. मिंडेचा नॉब शून्यावर असता सारे सुरात. शेवटपर्यंत फिरवला की षड्ज दाबावा आणि खालचा निषाद वाजावा! आम्ही तत्काळ त्याच्या सोल्डरिंगला दोष दिला. तो काही बोलला नाही. रात्रभर बसून त्याने सगळे सांधे पुन्हा केले. स्वर तितकाच उतरलेला.

कारखान्याने त्याला काढले, त्या नोटिशीतही 'निकृष्ट जोडकाम' हेच शब्द होते, आणि ती खोटी पाडावयास आम्हीच उभे राहिलो होतो.

मग मीटर लावला. स्वर स्थिरावल्यावर रेझिस्टन्सच्या दोन टोकांत काहीच फरक नको. तेथे सत्तर-ऐंशी मिलिव्होल्ट! ही चिप सुमारे ८० नॅनोअँपिअर पिते, म्हणजे अँपिअरचा सव्वा कोटीवा हिस्सा. पण एक मेगओहमातून तेवढाच ओढला की ८० मिलिव्होल्ट गळतात, जवळजवळ एक अख्खा स्वर. नॉब शून्यावर असता नळी रुंद, म्हणून दोष लपतो. टीएल०७२ ही चिप याच्या हजारपटींहून कमी पिते. कंडेन्सरही पॉलिएस्टरचा घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक झिरपतो, आणि स्वर पुन्हा उतरतो.

सकाळी नवी चिप कागदात गुंडाळून आम्ही त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. त्याने चिप बसवली आणि म्हणाला, "आता नॉब शेवटपर्यंत फिरवा." षड्ज जागेवर होता.

तो आज मागच्या रांगेत बसला आहे. माफी तेव्हा एकांतात मागितली होती, म्हणून हे सर्वांसमक्ष सांगितले. आता त्यानेच पुढे येऊन ते वाद्य आपल्याला ऐकवावे.