घरच्या मालाचं मोबाइलवरचं दुकान

गुळवेल आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात झाडांवर चढलेली असते. आपण ती लहानपणापासून पाहतो आणि तिची किंमत मात्र व्यापारी ठरवत आला. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात हे चित्र थोडं पालटलं. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी सरकारच्या वनधन योजनेतून गुळवेल गोळा केली, वाळवली आणि विकली. त्यांच्याकडे सुमारे 1 कोटी 57 लाख रुपयांच्या गुळवेलीची मागणी आल्याचं 2021मध्ये सरकारनेच जाहीर केलं. दूरच्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी संकेतस्थळही काढलं. आज मी बोलणार आहे ते या संकेतस्थळानंतर काय येतं त्याबद्दल.

म्हशाच्या जत्रेत माणूस घोंगडी हातात घेऊन तिची वीण बघतो, विणणाऱ्याला दोन प्रश्न विचारतो आणि मग पैसे मोजतो. मोबाइलवर यातलं काहीच होत नाही. म्हणून केंद्राने ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या आधारे जुलै 2020मध्ये ई-कॉमर्सचे नियम आणले. विक्रेत्याने आपलं नाव, पत्ता, मालाची एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी आधीच सांगायच्या. सदोष माल परत घ्यायला नकार द्यायचा नाही. ‘मी फक्त व्हॉट्सअॅपवर विकते’ असं सांगणाऱ्या ताईंनाही हे लागू आहे का? घरातली जुनी सायकल एकदा विकली तर नाही. पण दर आठवड्याला नाचणीचं पीठ विकत असाल तर तो व्यवसाय झाला आणि नियम लागले.

आता एक पुडी समोर ठेवा, 200 ग्रॅम गुळवेल चूर्ण, किंमत 120 रुपये. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे तिच्यावर वस्तूचं नाव, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, दर ग्रॅमचा भाव म्हणजे 60 पैसे आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. बहुतेक तपशील संकेतस्थळावरच्या मालाच्या पानावरही द्यावे लागतात. नाचणीचं पीठ किंवा मध असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक लागतो. आणि चूर्ण औषध म्हणून विकायचं तर औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940खाली उत्पादनाचा परवाना लागतो. वाळलेले तुकडे कंपनीला देणं आणि आपणच चूर्ण करून औषध म्हणून विकणं, हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे धंदे आहेत. आपल्याकडे सगळ्यात मोठी गल्लत इथे होते.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे जाहिरात. ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे वाक्य किती सहज पुढे पाठवलं जातं! 1954च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मधुमेहासकट अनेक आजारांबाबत असा दावा करणं गुन्हा ठरवलं आहे, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी आजारी माणूस त्या ओळीवर विसंबून आपली गोळी बंद करेल, हा विचार मला कैदेपेक्षा जास्त छळतो.

जीएसटीबद्दल थोडक्यात. 1 ऑक्टोबर 2023पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवायही मोठ्या ऑनलाइन बाजारातून राज्यातल्या राज्यात माल विकता येतो, फक्त पोर्टलवरून नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. करपात्र माल राज्याबाहेर गेला की नोंदणी आली. हस्तकलेच्या वस्तूंना मात्र ठरावीक उलाढालीपर्यंत सवलत आहे. वारली चित्रं काढणाऱ्यांनी आपल्या मालाला ती मिळते का, हे जरूर विचारून घ्यावं.

एवढी बंधनं का मानायची, असं मला विचारलं जातं. मंडळी, मापात मारलं जाणं म्हणजे काय हे आपल्या पाड्यांइतकं कुणाला ठाऊक आहे? वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क आपल्याला दिला, वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. हक्काने माल विकणाऱ्याने वजन आणि नाव उघड लिहावं, यात मला कमीपणा दिसत नाही. उलट दलालाला आपल्या मालावर स्वतःचा शिक्का मारता येऊ नये, याची ती पहिली तजवीज आहे.

आणखी एक, फारसं ठाऊक नसलेलं. नागपूरच्या गिऱ्हाइकाला तक्रार करायला ठाण्याला यावं लागत नाही. 2019च्या कायद्याने तो नागपूरच्याच ग्राहक आयोगात दाद मागू शकतो, म्हणजे जायचं आपल्याला. म्हणून तक्रार घरच्या घरी मिटलेली बरी. ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी, असा नियमच आहे. बचत गटात हा अधिकारी म्हणजे आपल्यातलीच एखादी ताई. तिचा नंबर पुडीवर छापण्याआधी तिच्या पाड्यावर रेंज येते का, ते बघा. माळशेजच्या पायथ्याशी ती येत नसेल, तर मुरबाडच्या बाजारात रोज येणाऱ्या सदस्याचा नंबर द्या, आणि आलेली प्रत्येक तक्रार तारखेसकट गटाच्या वहीत लिहा.