दगडाची ओळख आणि विहिरीचे पाणी

(नांदेड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेले व्याख्यान)



शाळेच्या संग्रहासाठी दगड गोळा करावयास गेलेली मुले एखादा निराळा दगड घेऊन आली की, "गुरुजी, हा कसला?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. अशा वेळी तत्काळ नाव सांगून मोकळे होण्याचा मोह आवरावा आणि आधी विचारावे, "हा तुला सापडला कोठे?" ठिकाण ठाऊक नसेल तर दगडाची ओळख अर्धीच राहते.

आपल्या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. लातूर जिल्ह्याचा बहुतेक भाग आणि नांदेडचा पश्चिम भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनला. पूर्वेकडे देगलूर, बिलोली आणि किनवट तालुक्याच्या काही भागांत हे आवरण संपते व त्याखालचा कितीतरी पुरातन खडक, ग्रॅनाइट व पट्टेदार नाइस, उघडा पडतो. देगलूरच्या मुलाला जो दगड रोजचा, तोच औशाच्या मुलाला नवलाचा वाटतो.

हा पुरातन पाया लातूर जिल्ह्याखालीही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हजारो माणसे गेली. पुढे संशोधनासाठी तेथे खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटर जाडीचा काळा पाषाण आणि त्याखाली सुमारे आठ मीटर गाळाचा थर ओलांडल्यावर हा पायाभूत खडक हाती लागला. तेव्हा लातूरच्या शिवारात गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाइट सापडला, तर तो तेथे उगवला असे मानू नये. बांधकामाच्या निमित्ताने तो बाहेरून आलेला असण्याचाच संभव अधिक.

आता ओळखीच्या सोप्या कसोट्या पाहू. दगड ताजा फोडून आतील भाग पाहावा. बाहेरचा रंग उन्हापावसाने बदललेला असतो. बेसाल्ट काळसर, जड व इतका बारीक कणांचा असतो की ते कण डोळ्यांना सहसा वेगळे दिसत नाहीत. ग्रॅनाइटमध्ये मात्र गुलाबी वा पांढरा फेल्स्पार, काचेसारखी गारगोटी आणि चकाकणारे अभ्रक असे दाणे स्पष्ट दिसतात. काळ्या पाषाणात विहीर खोदताना पोकळ्यांत शुभ्र स्फटिक सापडतात आणि गावात हिरे निघाल्याची वार्ता पसरते. ते बहुधा झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी असते. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या रिकाम्या जागी खनिजयुक्त पाणी झिरपून ते घडलेले असतात. चाकूच्या पात्याने ओरखडा उठत नसेल आणि स्फटिक काचेवर ओरखडा काढीत असेल, तर ती गारगोटी असावी. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फसफसणारा तो कॅल्साइट. आम्लाची कसोटी शिक्षकांनी स्वतः करावी, मुलांच्या हाती देऊ नये.

ही ओळख केवळ कपाटात मांडण्यासाठी नाही. ग्रॅनाइटमधील काही खनिजांत फ्लोराइड असते आणि खडकातून झिरपताना ते पाण्यात उतरू शकते. किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात ते प्रमाणाबाहेर आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असणे योग्य. दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फार असल्यास पुढे हाडे व सांधेही आखडतात. हे पाणी दिसावयास निर्मळ असते, त्याला वास नसतो आणि उकळूनही दोष जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते.

ग्रॅनाइटच्या प्रत्येक विहिरीचे पाणी दूषित असते, असे मुळीच नव्हे. तथापि विहिरीच्या वा विंधन विहिरीच्या मातेऱ्यात असा दगड निघाला, तर पाण्याची तपासणी करून घ्यावी हा इशारा त्यातून मिळतो. निर्णय प्रयोगशाळेने द्यावयाचा. दगडाने फक्त प्रश्न विचारावयाचा.

म्हणून माझी दोन विनंतीवजा सूचना आहेत. शिक्षकांनी प्रत्येक नमुन्यावर गाव, शिवार, खोली व तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. ग्रामपंचायतींनी नवीन विहीर खोदताना निघालेल्या खडकाचा एक तुकडा शाळेत द्यावा आणि पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. उलगडा न होणारा दगड नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्राच्या जाणकारांना दाखवावा.

मुलांच्या कुतूहलाने उचललेल्या एका दगडामुळे एखाद्या गावाचे पिण्याचे पाणी वेळीच तपासले गेले, तर त्या शाळेचा संग्रह कृतार्थ झाला असे मी मानीन.